ओल्या गव्हाचा कोंडा

जावयानं सासरी कसं यावं, याची रीत मथुराबाईला पाठ होती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी यावं, पाय धुऊन घ्यावेत, आमरस-पुरणपोळी चेपावी, नवा सदरा अंगात घालावा आणि सासूला कंटाळा यायच्या आत आपल्या वाटेला लागावं. नंदकुमार आला तेव्हा होळीच्या राखेत अजून ऊब होती, आणि आखाजी तोंडावर आली तरी ओसरीतल्या खुर्चीवरून हलायचं नाव नाही. पायावर पाय, तोंडात पान आणि मांडीवर बंदूक.

"बंदूक तरी खरी असावी ना," मथुराबाई शेजारच्या धुरपदाबाईला कुंपणावरून सांगे. "हवेची आहे. फट् करते नि एवढासा छर्रा सोडते. आणि रुबाब पाहा, जसा वाघच लोळवून आला. काल पेरूवरचा पोपट मारला. पोपटानं काय घोडं मारलं होतं त्याचं?"

"हळू बोल व मथुरा, ऐकतील पाव्हणे."

"ऐकू दे. कान त्याचे, तोंड माझं."

असं म्हणे खरी, पण म्हणताना आवाज आपोआप खाली येई. साऱ्या बऱ्हाणपुरात मथुराबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. कापसाचा दलाल तिला पाहून रस्ता बदले, मुलगा दगा तर चाळिशीला टेकला तरी आईसमोर विडी पाठीमागे लपवी. तेच तोंड या एका माणसापुढं गूळ होऊन बसलं होतं, आणि त्याचीच तिला जास्त चीड होती.

कारण होतं मालू. तिची एकुलती लेक, नंदकुमारची बायको, त्याच्यासोबतच आलेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, कूस उजवली नव्हती. मालूच्या सासूनं एका लग्नाच्या पंगतीत, चार बायका ऐकतील अशा बेतानं, मुलासाठी दुसरी पाहायची गोष्ट काढली होती. तेव्हापासून जावई रुसून एकटा निघाला तर मालू कायमची इथं, हे त्या घरात सगळ्यांना न बोलता कळत होतं.

नंदकुमार नर्मदेकडच्या एका लहानशा संस्थानात राजाच्या शिकारखान्यात कारकून होता. मग संस्थानं विलीन झाली. राजानं सही केली, झेंडा उतरला, घोडे विकले, नोकरांना नारळ मिळाला. नंदकुमारच्या वाट्याला ही बंदूक आली. "राजेसाहेबांनी स्वहस्ते दिली," असं तो जेवायला बसला की सांगे. सगळं विलीन झालं, याचा दरबार तेवढा राहिला, असं मथुराबाई चुलीला सांगे.

एकदा फार गोड आवाजात तिनं विषय काढला होता. "जावईबापू, नेपा गावाला कागदाची गिरणी उभी राहते म्हणे. लिहिता-वाचता येणारी माणसं पाहिजेत तिथं. एक चक्कर टाकून तर या."

तो हसला होता. "सासूबाई, दरबारात बसलेला माणूस मजुरांच्या रांगेत कसा उभा राहील?"

मथुराबाईनं त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि आत जाऊन परात आपटली.

कुरडयांचा दिवस उजाडला तो असा. आखाजीच्या आधी वर्षाचं वाळवण उरकायचं, ही घाई दरसालची. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढून ठेवला होता. पहाटे तो चुलीवर शिजवला आणि ऊन चढायच्या आत घरावरच्या धाब्यावर धोतरं अंथरून घातली. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून एका कोपऱ्यावर तांब्याचा हंडा पालथा घातला, बाकी कोपऱ्यांवर दगड. मालू चीक भरून देत होती आणि सून कुसुम गुडघ्यांवर बसून सोऱ्या फिरवत होती. धूलकोटची पोरगी, अंगानं काडी, बोलणं त्याहून कमी. "हिच्या तोंडातून शब्द काढायला सांडशी लागते," असं मथुराबाई चारचौघांत म्हणे. पण कुरडई तिचीच गोल पडे. आणि मथुराबाईला सुईत दोरा ओवता येईनासा झाल्यापासून सुई हटकून तिच्याच हाती जाई. कुसुम दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करी, एकदा पाही, आणि दोरा पलीकडे. मथुराबाई सुई परत घेताना म्हणे, "एवढा वेळ लागतो का?"

कावळे आले. ते येतातच. पाठोपाठ नंदकुमार जिना चढून वर आला, बंदूक घेऊन.

"मी राखण करतो."

"काठी आहे ना, बापू. काठी पुरते."

"काठीनं कावळा उडतो, सासूबाई. छर्रा लागला की परत येत नाही."

मथुराबाईच्या जिभेवर आलेलं तिनं गिळलं. चिकाचं दुसरं पातेलं आणायला ती खाली उतरली. चुलीशी वाकली असताना वर फट् झालं. त्या आवाजाची आता घराला सवय झाली होती. पण त्याच्या मागून एक "अग माय" आलं, अगदी हळू, जसं कुणी पाटावरून उठताना म्हणतं तसं. आणि मग काहीच नाही. कावळ्यांचीही कावकाव नाही.

ती पातेलं तिथंच ठेवून वर गेली. कुसुम धोतराच्या कडेला बसली होती, उजव्या डोळ्यावर तळहात दाबून. मालू तिच्याजवळ उकिडवी, चेहरा पिठासारखा. नंदकुमार हात मागं बांधून तापीकडे पाहत उभा.

"काय झालं?"

"कोंडा गेला डोळ्यात," मालू म्हणाली.

"कोंडा," नंदकुमार म्हणाला.

"कोंडाच आहे, आत्याबाई," कुसुम म्हणाली. "निघेल."

डोळ्यातला कचरा म्हणजे मथुराबाईचा हक्काचा प्रांत. पार निंबोला गावापासून माणसं येत तिच्याकडे. मळणीच्या दिवसांत कुणाच्या डोळ्यात ज्वारीचं कूस जाई, कापसाच्या जिनात कुणाच्या डोळ्यात सरकीचा तुकडा. मथुराबाई तोंड खळखळून धुई, माणसाला उजेडाकडे बसवी, पापणी बोटानं उलटी करी आणि जिभेच्या शेंड्यानं डोळा पुसून घेई. खडा जिभेवर घेऊन तळहातावर थुंकून दाखवी. "हा घ्या तुमचा डोंगर." तिच्या जिभेला लोक भीत आणि तिच्याच जिभेकडे येत, याचा तिला केवढा अभिमान.

तिनं कुसुमला खाली नेलं, ओसरीत उजेडाला बसवलं, चूळ भरली, पापणी उचलली.

जिभेला कोंडा लागला नाही. कूस नाही, खडा नाही. लागलं ते खारट आणि कोमट, आणि त्याच्या मागं काहीतरी तुरट, नाणं तोंडात धरल्यासारखं. आणि डोळा कसा लागतो ते ती जाणून होती. भिजवलेल्या मोठ्या हरभऱ्यासारखा, गोल, ताठ. हा मऊ होता. पिकून गेलेल्या द्राक्षासारखा.

तिनं जीभ मागं घेतली. तळहातावर दाखवायला काही नव्हतं.

"निघाला?" दारातून नंदकुमारनं विचारलं.

"आत काही नाही," ती म्हणाली.

"मग निघाला असेल पाण्यासोबत. तरी मी दवाखान्यात नेऊन आणतो. तिथला कंपाउंडर ओळखीचा आहे माझ्या, दोन शब्द इंग्रजीत बोललं की लगेच पाहतो." आणि खरंच त्यानं टांगा बोलावला, मालूला सोबत घेतलं, कुसुमला बसवलं, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत परतला. हातात औषधाची बाटली, कुसुमच्या डोळ्यावर पट्टी. "कोंडाच होता म्हणाला. थेंब टाका, दोन दिवसांत बरं."

सगळे जेवले. मथुराबाईचा घास फिरत राहिला.

तिला बसवेना. ती कोठीत गेली, कशाला आली ते आठवेना, परत आली. रांजण झाकला, उघडला, पुन्हा झाकला. गाईपुढं वैरण टाकायला गेली. आणि गाईच्या टोपल्याशी तिचे पाय थबकले. टोपल्यात कुरडयांच्या गव्हाचा कोंडा होता. कालचा. चीक गाळला तेव्हाचा, ओला, गोळ्या-गोळ्यांचा, आता आंबून वास मारत असलेला.

कुरडयांच्या गव्हाचा कोंडा ओलाच निघतो. तो उडत नाही. आणि तो काल संध्याकाळीच गाईपुढं आला होता. मग आज सकाळी धाब्यावर उडून डोळ्यात जाणारा कोंडा आला कुठून?

ती टोपल्यातला मूठभर गोळा हातात घेऊन उभी राहिली. गाईनं हाताला तोंड लावलं तेव्हा भानावर आली. मग हात न धुताच जिना चढली.

धाबं तापलं होतं. कुरडया अर्ध्या वाळल्या होत्या, कडेच्या चार चेंगरलेल्या, जिथं कुसुम पडली असेल तिथं. मथुराबाई धोतराभोवती फिरली. एकदा, दोनदा. पाय भाजत होते. मग पालथ्या हंड्यापाशी बसली आणि त्याच्यावरून बोट फिरवलं, जसं पोरांच्या डोक्यातून उवेसाठी फिरवतात. काठाच्या जरा खाली बोट अडलं. एवढासा पोचा, आणि त्यात शिशाचा करडा डाग. हा हंडा तिच्या लग्नातला. त्याचे सगळे पोचे तिला माहीत होते. हा नवा.

कावळा हंड्यावर बसला असेल. यानं नेम धरला असेल. छर्रा तांब्यावर आपटून उलटला असेल. आणि समोरच्या कोपऱ्याला गुडघ्यांवर बसलेली कुसुम.

तिला आणखी एक गोष्ट आता दिसली. सकाळी ती वर आली तेव्हा नंदकुमारच्या हातात बंदूक नव्हती.

मालू स्वयंपाकघरात भांडी लावत होती. लावलेलीच पुन्हा लावत होती. मथुराबाईनं दार ओढून घेतलं.

"बंदूक कुठं आहे?"

मालूनं हातातलं तसराळं पुन्हा फळीवर लावलं.

"मालू, मी तुले जन्म दिला. माझ्यापुढं कोंडा नको टाकू."

"माय, नाव नको काढू त्यांचं!" मालू भिंतीला टेकून खालीच बसली. "मुद्दाम नाही केलं त्यांनी. कावळा होता. ते म्हणतात, सासरच्या गावात आपली बेअब्रू झाली तर मी पुन्हा उंबरा चढणार नाही. आणि तुले माहीत आहे ना माय, ते एकटे गेले तर तिकडं काय होईल? त्यांची आई वाटच पाहते."

"आणि त्या पोरीच्या डोळ्याचं काय होईल?"

"वहिनीच म्हणाली!" मालू रडू लागली. "मी नाही म्हटलं आधी. ते घाबरले, मी घाबरले, आणि वहिनीनं डोळा धरून मले म्हटलं, वन्सं, कोंडा गेला म्हणा. आत्याबाई येतात, लवकर. कोंडा गेला म्हणा."

चार वर्षं मथुराबाई त्या पोरीच्या तोंडातून शब्द ओढत होती. त्या पोरीनं आपणहून बोललेला पहिला शब्द हा, आणि तो नणंदेचा संसार सावरायला.

कुसुम माजघरात भिंतीकडे तोंड करून पडली होती. सासूची चाहूल लागताच उठून बसली, पदर सावरला.

"झोप. उठू नको. लई दुखतं?"

"नाही, आत्याबाई."

मथुराबाईनं पट्टी हळूच वर केली. डोळा लाल झाला होता आणि बुबुळाच्या कडेला तिळाएवढं काळं काहीतरी. तिनं कुसुमच्या चांगल्या डोळ्यावर आपला तळहात ठेवला आणि दुसरा हात तिच्यासमोर धरला. हातातल्या पाटल्या किणकिणल्या.

"काय आहे?"

"तुमचा हात, आत्याबाई."

मथुराबाईचा जीव क्षणभर भांड्यात पडला. मग तिला कळलं. तिनं पाटल्या कोपरापर्यंत घट्ट सारल्या, कोनाड्यातली पितळेची समई उचलली, आवाज न करता, चांगला डोळा पुन्हा झाकला आणि समई तिच्या नाकासमोर धरली.

"आता?"

कुसुम बघत राहिली. कान टवकारले, पण कानाला काही लागेना.

"आता काय आहे, सांग."

"उजेड आहे थोडा," कुसुम म्हणाली. "लाल. मग काळं."

"कोंड्यानं असं होतं का ग?"

कुसुमच्या चांगल्या डोळ्यातून मथुराबाईच्या तळहातावर पाणी आलं. "वन्सं चांगल्या आहेत, आत्याबाई. त्यांचा संसार मोडू देऊ नका."

संध्याकाळी दगा शेतावरून आला तेव्हा टांगा दारात उभा होता, आणि आई डोक्यावरून पदर घेऊन बसलीसुद्धा होती, सुनेचा हात मांडीवर धरून. "चढ," ती म्हणाली. "विचारू नको."

सकाळच्याच दवाखान्यात, शनवारा पेठेतल्या त्या डॉक्टरच्या दारात, रोगी दाटले होते. मथुराबाई रांगेतून वाट काढत सरळ आत गेली. "माझ्या सुनेच्या डोळ्यात बंदुकीचा छर्रा आहे," ती म्हणाली. "सकाळपासून." बाहेरच्या माणसांनी माना वळवल्या. दगा तिच्या मागं उभा होता. त्यानं हे पहिल्यांदाच ऐकलं.

डॉक्टरनं दिवा जवळ घेतला, काच धरली, बराच वेळ पाहिलं.

"यात काही घातलं होतं का? कुणी चोळलं, दाबलं?"

"मी जीभ फिरवली."

डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "परत कुणाच्या डोळ्याला जीभ लावू नका, बाई. डोळा फुटलेला असेल तर अजिबात नाही."

दुसरं कुणी हे म्हटलं असतं तर मथुराबाईनं त्याला बोलून बोलून घरी पोचवलं असतं. ती "बरं" म्हणाली.

"छर्रा आत आहे. बाहेरून भोक बारीक दिसतं, आत नासधूस झाली आहे. हिला आजच्या गाडीनं इंदूरला न्या. मी चिठ्ठी देतो."

"दिसेल का या डोळ्यानं?"

त्यांनी दिवा बाजूला ठेवला. "या डोळ्याची मी आशा देत नाही. पण फुटलेला डोळा तसाच राहू दिला, तर कधीकधी चांगलाही त्याच्या मागं जातो. तो वाचवायचाय आपल्याला. सकाळीच का नाही आणलं?"

"सकाळी आणलं होतं," मथुराबाई म्हणाली. "तुमच्या कंपाउंडरला कोंडा सांगितला होता."

"छर्रा म्हटलं असतं तर त्यानं तिथल्या तिथं मला हाक मारली असती."

टांगा घराकडे वळला. तापीच्या राजघाटाकडून वारा येत होता, गरम. कुसुमनं एकदा विचारलं, "आत्याबाई, एका डोळ्यानं सुईत दोरा ओवता येतो का?" मथुराबाईनं तिचा हात एवढा दाबला की पाटल्या रुतल्या. दगा पुढं बसून टांगेवाल्याला उगाच "चल, चल" करत होता आणि त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या.

"दगा," आई मागून म्हणाली, "घरी तू तोंड उघडायचं नाही. हात तर मुळीच नाही. हे माझं आहे."

नंदकुमार ओसरीत होता. खुर्चीतच. पण पायात जोडा होता आणि बाजूला पिशवी बांधलेली. मालू दारात उभी, डोळे सुजलेले. टांगा थांबला तसा तो उठला आणि दरबारी आवाजात म्हणाला, "सासूबाई, घरात माझ्याविषयी कुजबुज चालली आहे असं दिसतं. अशा ठिकाणी माणसानं थांबू नये. मी निघतो. मालूचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

धुरपदाबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. टांगेवाला खाली उतरला नव्हता. मालूनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा टांग्यात बसलेल्या वहिनीच्या पट्टीकडे. मग ती आत गेली, गव्हाच्या कणगीतून बंदूक काढून घेऊन आली आणि दाणे झटकून आईच्या पायाशी ठेवली. नवऱ्याच्या नाही, आईच्या.

मथुराबाईनं बंदूक उचलली नाही. ती नंदकुमारच्या समोर जाऊन उभी राहिली. इतके दिवस खाली ठेवलेला आवाज तिनं वर काढला. वर म्हणजे मोठा नाही. फक्त कुंपणापर्यंत जाईल एवढा.

"पिशवी बांधलीच आहे ते बरं केलं, जावईबापू. निघायचंच आहे तुम्हाला. पण एकट्यानं नाही. हात चुकला तुमचा, ते मी धरत नाही, हात कुणाचाही चुकतो. पण दवाखान्यात उभं राहून, तिचा डोळा गळत असताना तुम्ही कोंडा म्हणालात. ती पोर म्हणाली ते नणंदेसाठी म्हणाली. तुम्ही म्हणालात ते खुर्चीसाठी. हा टांगा लालबाग स्टेशनात चाललाय. कुसुमला इंदूरला तुम्ही न्यायचं. दगा सोबत आहे, पण बोलायचं तुम्ही. तिथं डॉक्टर विचारेल, नर्स विचारेल, शेजारच्या खाटेवरचा विचारेल, काय झालं बाईला? प्रत्येकाला सांगायचं, हा डोळा मी फोडला. इंग्रजीत सांगा, मराठीत सांगा, पण कोंडा म्हणायचं नाही. मालू इथं राहील. ती मला जड नाही. आणि तुमच्या आईला दुसरी सून आणायची असेल तर खुशाल आणू द्या, पण आधी त्या नव्या सुनेच्या बापाला सांगा म्हणावं, पहिल्या सासरी पोरगा काय करून आला ते. मालूला न्यायला याल, तेव्हा दारात थांबायचं. माझ्या नाही, कुसुमच्या दारात. तिला विचारायचं, वहिनी, आत येऊ का? ती हो म्हणाली, तर मी आपल्या हातानं तुमचे पाय धुईन. ती नाही म्हणाली, तर या घराला जावई नव्हताच, असं मी साऱ्या बऱ्हाणपुराला सांगेन. आता चढा टांग्यात. मागं बसा, तिच्या उजव्या बाजूला. त्या बाजूनं तिला दिसत नाही."